सत्तेचाळिसावा लाल

भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं आधार कार्ड मागितलं नाही, नोकरी कुठे ते विचारलं नाही, आणि मी घरात अंडी-मासे करणार का हा पुण्यातल्या घरमालकांचा लाडका प्रश्नही टाकला नाही. त्यांनी दार अर्धवट उघडलं, माझ्या तोंडाकडे चांगलं निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "लिपस्टिक दाखवा."

"अं?"

"जी लावलीय ती. पर्समध्ये असेलच. आपले ओठ सोललेत, कडेने काळे पडलेत आणि त्यावर पुन्हा तेच चोपडलंय. दाखवा."

मी मुकाट्याने काढून दिली. त्यांनी ती उलटी केली, चष्मा कपाळावर ढकलला आणि मागची मुंगीएवढी अक्षरं डोळ्यांजवळ धरून वाचली. एखाद्याची पत्रिका वाचावी इतक्या गंभीरपणे. "सुगंध असं लिहिलंय. कसला सुगंध? या एका शब्दाखाली पन्नास वस्तू दडवता येतात. आणि हे मेंथॉल. गार वाटतं म्हणून आपल्याला वाटतं आराम पडला. ओठ आणखी कोरडे होतात, की आपण परत लावता." मग त्यांनी माझी लिपस्टिक स्वतःच्या टेबलाच्या खणात टाकली आणि खण बंद केला. "खोली वर आहे. पंखा आवाज करतो. सामान कधी आणतेस?"

'आपण'वरून 'तू'वर आल्या म्हणजे खोली मिळाली, एवढं मला कळलं. त्या घरात मी साडेतीन वर्षं राहिले. विश्रांतवाडीहून धानोरीकडे जाताना आत वळणारी एक गल्ली, तिच्यातलं दोन मजली लहानसं घर. तिथून हिंजवडीला कंपनीच्या बसने जायला दीड तास लागायचा, आणि ऑफिसातले सगळे मला वेड्यात काढायचे. तिकडेच कुठेतरी राहा की, म्हणायचे. मला त्यांना काही नीट सांगता यायचं नाही. त्या घरातल्या दुपारी ज्यांनी बघितल्या नाहीत त्यांना काय सांगणार?

मॅडम (आम्ही सगळे त्यांना मॅडमच म्हणायचो, गल्लीतला इस्त्रीवालासुद्धा) एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं सहायक होत्या. "प्रोफेसर शिकवायचे, मी सिद्ध करून दाखवायचे," असं त्या सांगत. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि कुणी सांगतंय म्हणून काही मानायचं नाही, आधी तपासायचं, हे त्यांनी पोरांच्या मनावर पक्कं बिंबवलं होतं. बाकीच्या भावंडांनी त्यातून काय घेतलं मला माहीत नाही. मॅडमनी मात्र ते अक्षरशः घेतलं. त्या दूध तपासायच्या, हळद तपासायच्या, देवळाबाहेर मिळणारं कुंकू आणून तपासायच्या आणि पुडीवर 'नको' लिहून विकणाऱ्या बाईला परत नेऊन द्यायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी सगळं लक्ष ओठांवर केंद्रित केलं.

का, तर ओठाला लावलेलं पोटात जातं. हे त्यांचं मुख्य सूत्र. "पायाला लावलेलं मोज्यात राहतं, ओठाला लावलेलं चहाबरोबर आत जातं," असं त्या आल्यागेल्याला ऐकवायच्या. स्वतः बनवलेलं काहीही कुणाला देण्याआधी त्या ते ज्वारीच्या भाकरीला लावून खायच्या. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आहे. मेण, कोकमतेल आणि एरंडेलाचा लालसर लेप लावलेली भाकरी, बाजूला लसणाची चटणी. नीट चावून खायच्या, थोडा वेळ भिंतीकडे बघत बसायच्या आणि म्हणायच्या, "मेण जास्त झालंय." एकदा मलाही तुकडा दिला. चवीला वाईट नव्हतं, चांगलंही नव्हतं. नंतर संध्याकाळपर्यंत माझ्या दातांना मेण लागलेलं होतं.

मंगळवारी आणि गुरुवारी मला घरून काम असे. माझ्या खोलीत नेटची रेंज यायची नाही, म्हणून मी लॅपटॉप घेऊन खाली त्यांच्या हॉलमध्ये बसायचे. माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं आहे, हे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं होतं. "म्हणजे आपण दोघी एकाच खात्यात," म्हणाल्या होत्या. त्या स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी गरम करायच्या, त्यात स्टीलची वाटी ठेवायच्या आणि वाटीत मेण वितळायला घालायच्या. हळूहळू घरभर एक वास पसरायचा. थोडा मधाचा, थोडा तुपाचा, थोडा नव्या वहीचा. खिडकीत बरण्यांची रांग होती. एरंडेलात भिजत घातलेल्या रतनजोतीच्या मुळ्या, मंजिष्ठेच्या काड्या, शेंदरीच्या बिया. तीनच्या सुमाराला ऊन त्या बरण्यांतून आत यायचं आणि फरशीवर लाल, जांभळे, केशरी डाग पडायचे. ते डाग सरकत सरकत भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपर्यंत जायचे, मग माझ्या कीबोर्डवर यायचे. मॅडम वाटीत ढवळत असायच्या, चमचा कडेला लागून बारीक आवाज व्हायचा, आणि मला जागेपणीच झोप लागल्यासारखं व्हायचं. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारायचं, तुझा चेहरा लाल का दिसतोय? मी म्हणायचे, ऊन आहे. तिथे बसून मी किती चुका शोधल्या आणि किती सोडून दिल्या, हे कंपनीला न कळलेलं बरं.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं हा मात्र झोप उडवणारा प्रकार होता. एकदा मीच त्यांना लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात घेऊन गेले. काउंटरवरची मुलगी हसतमुखाने म्हणाली, "मॅडम, हा एकदम नॅचरल आहे."

"विंचूही नॅचरल असतो. पुढे?"

मुलगी थोडी गडबडली. "म्हणजे केमिकल-फ्री आहे मॅडम."

"पाणीही नाही म्हणजे? पाणी केमिकलच असतं."

"मॅडम, पानाफुलांचं चित्र आहे बघा बॉक्सवर."

"चित्र पुढे असतं, बाळ. माल मागे लिहिलेला असतो." आणि मग त्यांनी त्या मुलीलाच पेटी उलटी करायला लावली आणि एकेक नाव वाचून दाखवायला लावलं. हे मेण, हे बरं. हा रंग, याचा नंबर दिलाय, म्हणजे निदान लपवत नाहीत. हा सुगंध, हा नको. तयार केल्याची तारीख बघ. यादी वाचता न येण्याइतकी लांब असेल तर ठेव खाली. घेतलीच तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लाव, दोन-तीन दिवस थांब, खाज आली तर टाक कचऱ्यात. मागे चार बायका जमल्या. पाचवीने आपली पर्स उघडून स्वतःचीच लिपस्टिक पुढे केली. दुकानाचा मालक मान वाकडी करून बघत होता. शेवटी मॅडमनी काहीही न घेता त्या मुलीला म्हटलं, "तुझी नजर चांगली आहे, वाचत जा," आणि आम्ही बाहेर आलो.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे हे त्या जगाला सांगायच्या, आणि एकदा स्वतःच विसरल्या. रंग उठून दिसावा म्हणून त्यांनी दालचिनीचं तेल घातलं. भाकरीवर छान लागलं म्हणे. कोपराची परीक्षा मात्र घाईत राहून गेली. दुसऱ्या दिवशी मी खाली आले तर मॅडमचे ओठ वड्याएवढे सुजलेले, आणि त्या शांतपणे वहीत लिहीत बसलेल्या. कॉलेजच्या प्रयोगवहीसारखी वही होती ती, प्रयोग, निरीक्षण, अनुमान असे रकाने आखलेली. निरीक्षणात लिहिलं होतं, 'सूज, आग, बोलता येत नाही.' अनुमानात लिहिलं होतं, 'मी मूर्ख.' चार दिवस त्या पाटीवर लिहून माझ्याशी बोलल्या. पाटीवरसुद्धा त्यांचा टोमणा चुकत नसे.

ती वही मी पहिल्यांदा नीट बघितली ती तेव्हाच. त्या औषध घेऊन झोपल्या होत्या आणि वही टेबलावर उघडी होती. पान उलटलं, आणखी उलटलं. प्रत्येक पानावर प्रयोगाचा एक नंबर, घेतलेल्या वस्तू, आणि पुढे रंग. 'विटकरी. अनुमान: नाही.' 'आमसुली. नाही.' 'जांभळ्याकडे झुकतो. नाही.' 'शेंदरी जास्त झाली. नाही.' अडतीस पानं, अडतीस वेळा नाही. मला वाटत होतं या बाई चांगले लेप बनवतायत आणि शेजारपाजारी वाटतायत. त्या ते वाटायच्या हे खरं, पण वाटायच्या ते सगळे नापास झालेले होते. त्यांना एकच विशिष्ट लाल हवा होता.

सूज उतरल्यावर एका गुरुवारी मी सरळ विचारलं, "मॅडम, कुठला रंग शोधताय?"

त्या वाटी ढवळत राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलतील. पण त्यांनी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसल्या.

"माझ्या मुलीच्या लग्नाची सकाळ," त्या म्हणाल्या. "आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. साडी पांढरी, गजरा पांढरा. तिने अंगावर एकच रंग ठरवला होता, ओठांचा. कितीतरी दुकानं फिरून मिळवला होता. डाळिंब सोलताना पहिला दाणा दिसतो ना, तो. साडी नेसून माझ्यापुढे येऊन उभी राहिली, लिपस्टिक हातात दिली आणि म्हणाली, आई, बघ. मी काय बघितलं असेल?"

"मागची बाजू."

"मागे काही लिहिलेलंच नव्हतं. नुसता नंबर. म्हटलं, शिसं असलं तर? सामान घरात होतंच. म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. इवलासा तुकडा काढला, परीक्षानळीत घातला. शिसं असलं तर पिवळं पडतं. पडलं नाही. म्हटलं, सँपल कमी पडलं असेल. आणखी घेतलं. तरी पिवळं नाही. मग आणखी."

मला पुढचं कळलं होतं, तरी मी विचारलं, "मग?"

"मग नळी रिकामी झाली. लिपस्टिकची." त्या थोडं हसल्या, आणि ते हसू त्यांना पुरलं नाही. "शिसं नव्हतं गं. शुद्ध निघाली."

लेकीच्या मैत्रिणींनी आपापल्या लिपस्टिक पुढे केल्या. तिने एकही लावली नाही. "माझ्यावर गेलीय," मॅडम म्हणाल्या, आणि त्यात तक्रार होती की अभिमान ते मला कळलं नाही. तशीच, कोरड्या ओठांनी ती लग्नाला उभी राहिली. भांडली नाही, रडली नाही. पण त्या दिवसानंतर त्या घरात ती राहायला म्हणून कधी आली नाही. बाणेरला राहते. धानोरीहून बाणेर काही परदेश नाही. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा, तो मी कितीदा ऐकला होता. औषधं घेतलीस का, भाजी आणलीस का, बरं ठेवते. दोन मिनिटं. नऊ वर्षं असंच चाललं होतं.

"तो रंग मला तिला परत द्यायचाय," मॅडम म्हणाल्या. "माझ्या हातचा. खाऊन बघितलेला. बाजारातून आणून दिला असता, पण तो दुसऱ्या कुणाचा झाला असता."

त्या दिवसापासून मीही त्यात गुंतले. कारण मॅडमच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, आणि हळूहळू त्यांना सगळं जग पिवळट दिसायला लागलं होतं. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते. मॅडम नाही म्हणत होत्या, आणि कारण असं की ऑपरेशननंतर रंग वेगळे दिसतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "मग माझ्या आठवणीतला लाल कशाशी ताडून बघू?" आता रंग सांगायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला मी मरून म्हणायचे, तर त्या चिडायच्या. "मरून म्हणजे काय? अंजिरी म्हण, आमसुली म्हण, कुसुंबी म्हण. साड्यांच्या दुकानात कधी गेली नाहीस का?" मी रंग शिकले. त्या मला डाळिंब आणून द्यायच्या, मी एक दाणा पांढऱ्या बशीत ठेवायचे, शेजारी लेपाचा ठिपका द्यायचे आणि सांगायचे. नाही. नाही. अजून नाही. दर वेळी त्यांचा चेहरा क्षणभर खाली जायचा आणि त्या वहीत लिहायच्या. झाडामुळांतून मिळणारा लाल हा मातीतला असतो, तो डाळिंबासारखा हसत नाही, हे आम्हा दोघींनाही एव्हाना कळून चुकलं होतं. बोललो मात्र नाही.

सत्तेचाळिसाव्या वेळी ठिपका विटकरीच होता. जरा उजळ, पण विटकरीच. मी मान वर केली तर मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना नीट दिसतसुद्धा नव्हते, पण बघत होत्या, दहावीचा निकाल ऐकायला उभ्या असलेल्या पोरीसारख्या. आणि माझ्याच्याने झालं नाही. ज्या बाईने आयुष्यात एक खोटा निकाल दिला नाही तिला मी म्हणाले, "हो. हाच."

त्यांनी वहीत लिहिलं, 'होय.' एका चपट्या डबीत तो लेप भरला, स्वतःच्या हाताने पत्ता लिहिला आणि मला कुरिअरला टाकायला दिली. एकाच शहरात, आईकडून लेकीकडे, कुरिअरने. ती डबी हातात घेऊन मी रस्त्यावर बराच वेळ उभी राहिले. परत जावं आणि खरं सांगावं असं फार वाटत होतं. नाही गेले. पुढचे चार दिवस मी खाली बसायलाही गेले नाही, रेंज नसलेल्या खोलीत मोबाइल खिडकीबाहेर धरून काम केलं.

रविवारी दहा वाजले आणि फोन आला नाही. मला वर खोलीतही कळलं, कारण मॅडमच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. न राहवून खाली आले. साडेदहाला बेल वाजली आणि दार मीच उघडलं. बाहेर एक बाई उभी होती, मॅडमचीच हनुवटी, मॅडमचेच खांदे. ओठ विटकरी. तिने तो लेप लावला होता.

ती आत आली, डबी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आई, हा तो रंग नाही."

"माझी चूक आहे," मी एकदम बोलून गेले. "मॅडमना दिसत नाही, रंग मी बघते. मीच हो म्हणाले. खोटं बोलले."

"तू गप्प बस," मॅडम म्हणाल्या. "मला तेव्हाच कळलं होतं. तू हो फार पटकन म्हणालीस. खरं सांगायचं असतं तेव्हा तू नाक खाजवतेस."

"कळलं होतं तर पाठवलीस कशाला?" लेकीने विचारलं.

मॅडमनी टेबलावरची डबी उचलून तिचं झाकण पुन्हा घट्ट लावलं. "दमले गं," त्या म्हणाल्या. "सत्तेचाळीस झाले. रंग नाही तर नाही, काहीतरी तुझ्यापर्यंत जायला हवं होतं."

लेक खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "मला तो रंग आठवतसुद्धा नाही, आई. खरंच आठवत नाही. मला एवढंच आठवतं की मी साडी नेसून, गजरा माळून तुझ्यासमोर उभी होते, बघ म्हणत होते, आणि तू त्या परीक्षानळीकडे बघत होतीस. शेवटपर्यंत तिकडेच. मी कशी दिसत होते ते तू बघितलंच नाहीस."

बाहेर रस्त्यावर भाजीवाल्याची हाक आली आणि गेली. मॅडम उठल्या. हातभर अंतराच्या पलीकडे त्यांना सगळं धुकं होतं, म्हणून त्या लेकीच्या अगदी जवळ गेल्या, इतक्या की त्यांचा श्वास तिला लागत असेल. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कपाळ बघितलं, भुवया बघितल्या, गाल बघितले, ते विटकरी ओठ बघितले आणि त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मग त्यांचा अंगठा कानाजवळच्या केसांवर थांबला.

"हा पांढरा कधी झाला?"

"दोन वर्षं झाली."

"मला दिसलाच नाही."

"तू बोलावलंस कधी?"

लेक पर्सचा बंद चाचपू लागली, निघायला हवं असं काहीतरी पुटपुटली. मॅडमनी तिचा चेहरा सोडला नाही.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "माझं अजून बघून झालेलं नाही."